कारखान्यात लीन रुजले, पण कार्यालयातला कागद टेबलांवरच थांबतो. सुरुवात कुठून करावी?

कुपवाड_लेखा:

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत लेखा विभाग सांभाळते. आमच्याकडे ओतकाम आणि मशिनिंग अशी दोन्ही कामे होतात आणि बहुतेक माल पंप व वाहन उद्योगाला जातो. मोठ्या ग्राहकांनी आग्रह धरल्यामुळे गेल्या काही वर्षांत शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी, लीनची (वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम शोधून कमी करण्याची) पद्धत चांगली रुजली आहे. साच्यांच्या पेट्या ठरलेल्या जागी असतात, सुट्या भागांच्या रॅकवर कान्बान कार्डे (माल संपत आला की नवा मागवण्याची खूण देणारी) लावलेली आहेत, मशिनजवळ गरजेपेक्षा जास्त माल साचू दिला जात नाही आणि एखादा दोष आढळला की त्याचे मूळ शोधण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मशिनजवळच उभ्या उभ्या बैठक होते. हे सारे पाहून जिना चढून वर कार्यालयात आले की मात्र चित्र अगदी वेगळे असते.

उदाहरणादाखल ग्राइंडिंग व्हीलच्या एका बिलाचा प्रवास सांगते. पुरवठादाराचा टेंपो गेटवर आला की सुरक्षारक्षक आवक नोंदवहीत चलन क्रमांक, पुरवठादार आणि माल लिहून घेतो. तीच माहिती स्टोअरमध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करताना संगणकावर पुन्हा भरली जाते. गुणवत्ता विभागाची सही झाली की बिल, चलन आणि जीआरएन टाचून ती जुडी खरेदी विभागात जाते, तेथे पीओमधील (खरेदी आदेशातील) दर ताडून पाहिला जातो, मग ती आमच्याकडे येते आणि आम्ही तीच सगळी माहिती टॅलीत तिसऱ्यांदा भरतो. शेवटी संचालकांची सही. परवा हाती आलेल्या जुडीवर पेन्सिलीने लिहिलेले तीन शेरे होते. पहिला ‘पीओ नगात, बिल बॉक्समध्ये’, त्याखाली ‘स्टोअरने खुलासा करावा’ आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘खरेदीस परत’. ती व्हील्स केव्हाच वापरून संपली होती, मालाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, बिल मात्र अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते.

याचे परिणाम केवळ पुरवठादारांच्या फोनपुरते राहिलेले नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३ब(एच) ही तरतूद लागू झाल्यामुळे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, दिले नाहीत तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते. बिल लेखा विभागात केव्हा पोहोचले याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. त्यातच दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचे २बी विवरण (पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांचे) तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी (आपले मासिक कर विवरण) भरायचे असते, त्यामुळे मधल्या आठवड्यात सारे कार्यालय अडकलेली बिले शोधण्यात गुंतलेले असते.

मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की शॉपवर वापरतात ती अपव्ययांची यादी कार्यालयाला जशीच्या तशी लावावी का, आणि लावायची तर सुरुवात कोठून करावी. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. ‘लीन’ हा शब्द उच्चारताच आमच्या विभागातील सहकारी गप्प होतात, कारण हे माणसे कमी करण्याचे निमित्त आहे अशी त्यांची समजूत आहे. या दोन्ही बाबतींत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकृत होईन.

---

सातारा_प्रक्रिया:

कुपवाड_लेखा यांना नमस्कार. आपण त्या बिलाचा प्रवास इतक्या बारकाईने मांडला आहे की उत्तराचा मोठा भाग आपल्या प्रश्नातच आलेला आहे. मी सातारा औद्योगिक वसाहतीत आधी उत्पादन विभागात होतो आणि आता कार्यालयीन प्रक्रियांच्या सुधारणेचे काम पाहतो, म्हणून दोन्हीकडचा अनुभव लिहितो.

लीन ही शॉपची पद्धत असून ती कार्यालयात ‘आणायची’ आहे, ही मांडणीच मला अपुरी वाटते. टोयोटात ही पद्धत उभी करणारे ताइइची ओनो यांची नजर ग्राहकाची मागणी हाती पडल्यापासून त्या मालाचे पैसे हाती येईपर्यंतच्या संपूर्ण कालावधीवर होती आणि हा कालावधी कमी करणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते. या कालावधीची दोन्ही टोके कार्यालयात आहेत. ऑर्डर कार्यालयात येते, बिल कार्यालयातून निघते, पैसे कार्यालयात जमा होतात. मधला शॉपवरचा काळ आपण काटेकोर करत नेला आणि दोन्ही टोकांना कागद पडून राहिला, तर एकूण कालावधीत फारसा फरक पडत नाही.

ओनो यांनी सांगितलेले सात अपव्यय म्हणजे अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि दोष. हे सातही कार्यालयात सापडतात, परंतु त्यांचे वजन सारखे नसते, आणि सात रकान्यांचा तक्ता भिंतीवर लावून प्रत्येकात काहीतरी भरत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. शॉपवर लोखंड इकडून तिकडे नेण्याला खर्च येतो. कार्यालयात फाइल दहा पावले दूर नेण्याला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून हालचाल आणि वाहतूक यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. कार्यालयात खरा काळ खाल्ला जातो तो प्रतीक्षेत आणि दोषांत, म्हणजे कागद पडून राहण्यात आणि शेरा मारून परत जाण्यात.

यासाठी करण्याजोगी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. गेटवरच प्रत्येक बिलाला एक रंगीत चिठ्ठी जोडावी आणि प्रत्येक टेबलावर कागद केव्हा आला, काम केव्हा हातात घेतले आणि पुढे केव्हा गेला, एवढेच तिच्यावर लिहावे. काही आठवडे अशा चिठ्ठ्या जमवल्या की असे दिसून येते की बिलावर प्रत्यक्ष काम होते ते मिनिटांत मोजावे लागते आणि बिल थांबलेले असते ते दिवसांत. ही तफावत एकदा सर्वांच्या डोळ्यांसमोर आली की ‘काम जलद करा’ या सूचनेतील फोलपणा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नोंद घालण्याची चार मिनिटे तीनवर आणून काहीही साधत नाही. टेबलावरचे चार दिवस एकावर आणले तर सर्व काही साधते.

दुसरे मोजमाप याहूनही महत्त्वाचे आहे. प्रत्येक टेबलाने, आपल्याकडे आलेल्या शंभर बिलांपैकी किती बिले कोणाला काहीही न विचारता, काही दुरुस्त न करता पुढे पाठवता आली, याची नोंद ठेवावी. समजा, प्रत्येक टेबलावर हे प्रमाण ९० टक्के आहे. ऐकायला ते उत्तम वाटते. परंतु पाच टेबले एकामागून एक असतील तर नव्वद टक्क्यांचे नव्वद टक्के असे पाच वेळा करावे लागते आणि शेवटपर्यंत विनाशेरा पोहोचणारी बिले शंभरातील साधारण ५९ उरतात. म्हणजे प्रत्येक जण आपले काम चोख करतो आहे असे प्रामाणिकपणे सांगत असताना शंभरातील चाळीस बिले कोठेतरी अडखळलेली असतात. कोणी कामचुकार नसूनही कार्यालय संथ का असते, याचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण मला दुसरे सापडलेले नाही.

आता साचलेल्या ढिगाविषयी. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक नियम गणिताने सिद्ध केला. रांगेत सरासरी किती वस्तू आहेत हे, रोज किती येतात आणि प्रत्येक वस्तू सरासरी किती दिवस थांबते, यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, रोज ३० बिले येतात आणि तेवढीच निकाली निघतात, पण वेगवेगळ्या टेबलांवर मिळून ३६० बिले पडून आहेत. मग आज आलेले बिल सरासरी १२ दिवसांनीच बाहेर पडणार. तोच ढीग १२० वर आणला तर चार दिवसांत बाहेर पडेल, आणि त्यासाठी कोणालाही रोजच्या ३० पेक्षा जास्त बिले कायमची करावी लागत नाहीत. एकदाच, एखादा शनिवार ठरवून, जुना ढीग उपसावा लागतो आणि मग तो पुन्हा वाढू द्यायचा नसतो.

न वाढू देण्याची युक्ती आपल्या भागातील कोणत्याही ऊस उत्पादकाला ठाऊक आहे. साखर कारखाना तोडणीचा आदेश देतो तो रोजच्या गाळप क्षमतेकडे पाहून. फडात टोळी मोकळी आहे म्हणून ऊस आधी तोडून ठेवत नाही, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि उताराही घटतो. गव्हाणीत जागा झाली की मागून गाडी यावी. कार्यालयात आपण नेमके उलट करतो. खरेदी विभागाला सवड मिळाली की तो आठवड्याची बिले एकगठ्ठा लेखा विभागाच्या टेबलावर आणून ठेवतो आणि आपले टेबल स्वच्छ झाले याचे समाधान मानतो. त्याऐवजी लेखा विभागाच्या ट्रेमध्ये एका दिवसाच्या कामाएवढीच बिले राहतील असे ठरवावे, आणि ट्रे भरलेला असेल तेव्हा खरेदी विभागातील सहकाऱ्याने नवीन जुडी आणण्याऐवजी अडलेल्या बिलांचे खुलासे द्यायला बसावे. वाचताना ही क्षुल्लक बाब वाटेल, परंतु आमच्याकडे सर्वांत जास्त फरक याच एका नियमाने पडला.

---

विटा_यंत्रमाग:

वरील मांडणीशी मी पूर्ण सहमत आहे. त्यातील दोषांच्या भागाविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण आमचा व्यवसायच मागांचा आहे.

टोयोटाच्या पद्धतीचा एक खांब मुळात मोटारींतून नव्हे, मागातून आलेला आहे. साकिची टोयोडा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित मागात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबत असे, त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे आणि एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकत असे. तुमच्या बिलाच्या बाबतीत धागा तुटला तो गेटवर, किंबहुना त्याच्याही आधी पीओ काढताना, आणि माग मात्र लेखा विभागापर्यंत चालू राहिला. नग आणि बॉक्स यांतला फरक गेटवरच दिसणारा आहे. टेंपो परत पाठवण्याची आवश्यकता नाही. माल उतरण्यापूर्वी चलनावरील पीओ क्रमांक, एकक आणि संख्या या तीनच गोष्टी पाहाव्यात आणि त्या जुळत नसतील तर पुरवठादाराचा माणूस समोर उभा असतानाच खरेदी विभागाला फोन करावा. त्या क्षणी दोन मिनिटांत मिटणारी गोष्ट तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही.

त्यानंतर ‘असे का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत मुळाशी जावे. बिल बॉक्समध्ये का, तर पुरवठादार बॉक्सनेच विकतो. मग पीओ नगात का, तर आपल्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे संगणकातील वस्तूंच्या मूळ यादीत, एकक नग आहे. ते तसे का, तर स्टोअरमधून शॉपला व्हील नगाने दिले जाते. म्हणजे दोष कोणा व्यक्तीचा नाही. आयटम मास्टरमध्ये खरेदीचे एकक आणि वापराचे एकक अशी दोन एकके आणि त्यांचे प्रमाण एकदा भरले की त्या वस्तूपुरता हा शेरा पुन्हा कधीही लिहावा लागणार नाही.

एकच माहिती तीनदा भरण्याविषयीही एक सूचना करतो. ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या पुरवठादारांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे. अशा बिलावरील क्यूआर कोडमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि एकूण रक्कम असते. साधा स्कॅनर घेऊन ही माहिती स्टोअरमध्येच एकदा वाचून घेतली तर जीएसटी क्रमांकातील एखादे अक्षर चुकल्यामुळे २बीशी बिल न जुळण्याचा प्रकार त्या बिलांपुरता थांबतो.

---

सातारा_निवृत्त_अव्वलकारकून:

मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कारखान्यातील संज्ञांशी माझा फारसा परिचय नाही. तरीही ही चर्चा वाचताना वाटले की आपल्या राज्यातील कार्यालयांत याच दिशेचे काम जुन्या काळापासून झालेले आहे आणि खासगी कार्यालयांनी त्याकडे अवश्य पाहावे.

१९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची रचना, अभिलेखांची छाननी आणि कामकाजाच्या पद्धती यांत ज्या सुधारणा केल्या, त्या ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर परिचित झाल्या. पुढे २०१७ च्या सुमारास पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी, जे मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील निढळचे, यांनी ‘झिरो पेंडन्सी’ ही मोहीम राबवली. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे विभागातच येत असल्याने त्या काळात येथील तहसील आणि पंचायत समित्यांच्या दप्तरांचे स्वरूप बदलताना अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

या सर्वांच्या मुळाशी असलेली सहा गठ्ठा पद्धत मी थोड्या विस्ताराने सांगतो, कारण ती कोणत्याही टेबलाला लागू पडते. कर्मचाऱ्याने आपल्याकडील सर्व कागदांचे सहा गठ्ठे करायचे असतात. पहिल्यात ज्यांवर आपल्याला कार्यवाही करायची आहे अशी प्रकरणे. दुसऱ्यात आपण कार्यवाही केलेली, पण दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहत असलेली प्रकरणे. तिसऱ्यात ठरावीक काळाने पाठवायची नियतकालिके. चौथ्यात कायम लागणारे आदेश आणि परिपत्रके यांच्या स्थायी आदेश संचिका. पाचव्यात निकाली निघालेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे. आणि सहाव्यात मुदत संपल्याने नष्ट करायचे कागद. या पद्धतीचे मर्म पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या फारकतीत आहे. माझ्याकडे किती काम आहे आणि माझे काम दुसऱ्याकडे किती अडले आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच ढिगात त्यांची उत्तरे मिळत नाहीत. कुपवाड_लेखा यांनी वर्णन केलेले बिल लेखा विभागाच्या दुसऱ्या गठ्ठ्यातले आहे. त्या गठ्ठ्यावर आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी स्मरणपत्र किंवा फोन गेला पाहिजे, नाहीतर तो गठ्ठा म्हणजे अडगळ होते.

सहाव्या गठ्ठ्याबाबत मात्र खासगी कार्यालयांनी घाई करू नये. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांना आधारभूत प्रमाणके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि जीएसटीची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. एखादा वाद किंवा अपील चालू असेल तर ती त्याहूनही अधिक काळ ठेवावी लागतात. नष्ट करण्यापूर्वी यादी करून आपल्या सनदी लेखापालांची लेखी संमती घ्यावी.

आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. मुदत ठरवली पाहिजे आणि ती बाहेरच्या माणसाला दिसली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवांना कालमर्यादा घातली, ती कोणी द्यायची तो पदनिर्देशित अधिकारी ठरवला आणि विलंब झाल्यास अपिलाचा मार्ग दिला. त्यामुळे ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. आपल्या पुरवठादारालाही बिल दिल्याच्या दिवशीच ‘अमुक दिवसांत पैसे अथवा लेखी त्रुटी’ असे सांगता आले, तर दिवसभर येणारे फोन आपोआप कमी होतील आणि ते फोन घेण्यात जाणारा वेळ याच कामासाठी मोकळा होईल.

---

मिरज_मनुष्यबळ:

येथे आलेल्या सूचना उपयुक्त आहेत, पण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे अद्याप कोणी वळलेले नाही, आणि माझ्या मते कार्यालयातील असे बहुतेक प्रयोग त्याच जागी फसतात.

ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क विभागात २००६ च्या सुमारास लीन आणण्यात आले, तेव्हा कर्मचारी संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि कामबंद आंदोलनही झाले. टेबलावर चिकटपट्टी लावून पेन आणि टाचणयंत्र यांच्या जागा आखून देण्याची तेथील वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. शॉपवर हत्याराची जागा आखण्याला कारण आहे, कारण तेच हत्यार तीन पाळ्यांतील तीन माणसे वापरतात. एकाच माणसाच्या टेबलावर तसे करण्याने कोणाचाही वेळ वाचत नाही आणि आपल्यावर पाळत ठेवली जात आहे ही भावना मात्र निर्माण होते. कार्यालयात नीटनेटकेपणाचा आग्रह धरायचाच असेल तर तो सामाईक गोष्टींसाठी धरावा, म्हणजे सर्व्हरवरील फोल्डर, फाइलींची नावे आणि पीओ फाइलींचे कपाट.

याच कारणाने सातारा_प्रक्रिया यांच्या चिठ्ठीत मी एक बदल सुचवते. चिठ्ठीवर माणसाचे नाव असू नये; फक्त टेबलाचे नाव असावे, म्हणजे ‘स्टोअर’, ‘खरेदी’, ‘लेखा’. त्या चिठ्ठ्यांचा उपयोग वार्षिक मूल्यमापनात किंवा वेतनवाढीत केला जाणार नाही, हे व्यवस्थापनाने आधी सांगावे. मोजायचे आहे ते कागदाला, माणसाला नव्हे. एकदा लोकांना वाटले की आपल्यालाच घड्याळ लावले आहे, की चिठ्ठीवर ज्या वेळा लिहिल्या जातील त्या खऱ्या नसतील आणि मग त्यावरून काढलेले सारे निष्कर्षही खोटे ठरतील.

तसेच, या सुधारणेमुळे कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही, हे संचालकांनी स्वतः, सर्वांसमोर आणि शक्यतो लेखी सांगावे. वाचलेल्या वेळेत कोणते काम हाती घेणार, तेही त्याच वेळी सांगावे. ग्राहकांकडील थकीत वसुलीचा पाठपुरावा, पुरवठादारांच्या खात्यांची जुळवणी, ज्याला वर्षाअखेरीपर्यंत हात लागत नाही असे काम प्रत्येक लेखा विभागात असते. जेथे असे आश्वासन देण्याची व्यवस्थापनाची तयारी नाही, तेथे हा प्रयोग सुरूच करू नये असे मी स्पष्टपणे म्हणेन. ओनो यांच्या सात अपव्ययांत पुढील अभ्यासकांनी आठवा जोडला, तो माणसाच्या बुद्धीचा उपयोग करून न घेण्याचा. बिल नेमके कोठे आणि का अडते, हे तुमच्या गेटवरील रक्षकाला आणि स्टोअरमधील लिपिकाला आजही ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारलेले नाही, इतकेच.

---

कुपवाड_लेखा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तळमळीने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

नाव नसलेल्या चिठ्ठ्यांचा प्रयोग आम्ही सुरू केला आहे. संचालकांनी विभागात येऊन कोणालाही कमी केले जाणार नाही असे सांगितले, आणि त्यानंतर पहिली सूचना आली ती स्टोअरमधील सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याकडून. कोणत्या वस्तूंची एकके जुळत नाहीत याची यादी त्याने स्वतःच्या वहीत आधीपासून लिहून ठेवलेली होती. तिच्यात व्हील्सबरोबर रेझिनही होते, जे आम्ही किलोने मागवतो आणि बिल येते ड्रममध्ये, तसेच वेल्डिंग रॉडची पाकिटेही होती. त्या यादीवरून आयटम मास्टर दुरुस्त करण्याचे काम चालू आहे. गठ्ठ्यांची पद्धतही आम्ही कागदाऐवजी ट्रेवर अवलंबली असून ‘उत्तराची प्रतीक्षा’ हा वेगळा ट्रे ठेवला आहे.

चिठ्ठ्यांवरून दुसरी एक बाब मात्र ठळकपणे पुढे आली आहे. सर्व शंका मिटलेली, जुळणी झालेली बिले सर्वांत जास्त काळ थांबतात ती शेवटच्या सहीसाठी. संचालक आठवड्यातील बराच काळ ग्राहकांकडे दौऱ्यावर असतात आणि प्रत्येक बिल, मग ते चहापाण्याचे असो वा पिग आयर्नचे, त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नाही. त्यांना हे सांगायचे कसे आणि त्याऐवजी कोणती व्यवस्था सुचवायची? आर्थिक शिस्त ढिली झाली असे त्यांना वाटू नये, आणि ती प्रत्यक्षातही ढिली होऊ नये.

---

सातारा_प्रक्रिया:

ही अडचण जवळजवळ प्रत्येक मालक-संचालित उद्योगात येते, आणि तिचे उत्तर सही काढून टाकण्यात नसून ती योग्य जागी नेण्यात आहे.

संचालकांची सही कोणता निर्णय करते, हे आधी त्यांच्याशीच बोलून ठरवावे. दर, पुरवठादार आणि संख्या हे निर्णय पीओ काढताना होतात. पीओवर त्यांची संमती आहे, माल तेवढाच आला हे जीआरएन सांगतो आहे आणि बिलातील दर व संख्या या दोन्हींशी जुळते आहे, तर बिलावरील चौथी सही नवे काहीच ठरवत नाही. म्हणून सही पीओच्या टप्प्यावर भक्कम करावी आणि पूर्ण जुळलेली बिले लेखा विभागप्रमुखाच्या अधिकारात मंजूर व्हावीत. दर जास्त, संख्या कमी, पीओच नाही किंवा पुरवठादाराचे बँक खाते बदलले आहे, अशी अपवादात्मक बिले मात्र संचालकांकडेच गेली पाहिजेत. बँक खात्यातील बदलाच्या बाबतीत तर मी कोणतीही सवलत सुचवणार नाही, कारण बनावट ईमेल पाठवून खाते क्रमांक बदलून घेण्याचे प्रकार सर्रास घडतात. पुरवठादाराच्या आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याखेरीज असे बिल पुढे सोडू नये.

किरकोळ खर्चासाठी रकमेची मर्यादा ठरवून ते अधिकार विभागप्रमुखांना द्यावेत आणि महिन्याच्या शेवटी त्या खर्चाची एकत्रित यादी संचालकांनी पाहावी. वाहतूक भाड्यातील किंवा पूर्णांकनातील फरकासाठीही एक छोटी रक्कम निश्चित करावी, जिच्या आतील तफावतीवर शेरा मारायचा नाही.

शिस्त ढिली होऊ नये म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळा. पीओ काढणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल मंजूर करणारा या तीन व्यक्ती वेगळ्याच असल्या पाहिजेत, आणि नवा पुरवठादार प्रणालीत भरण्याचा अधिकार बिल मंजूर करणाऱ्याकडे असू नये. टप्पे कमी करताना हे टप्पे चुकूनही एकत्र करू नका. त्यांना लागणारा वेळ हा अपव्यय नव्हे.

संचालकांकडे जाताना प्रस्ताव तोंडी नेऊ नये. सर्व चिठ्ठ्यांचे दोन भाग करा, एकात पूर्ण जुळलेली बिले आणि दुसऱ्यात तफावत असलेली. पहिल्या भागातील किती बिले त्यांनी नाकारली, हे त्यांनाच पाहू द्या. तो आकडा शून्य किंवा शून्याच्या जवळ असेल, तर सुरुवातीला एका तिमाहीपुरता आणि ठरावीक रकमेच्या आतील बिलांपुरता अधिकार मागा, आणि त्या काळात मंजूर झालेल्या बिलांपैकी काही बिले त्यांनी दर महिन्याला स्वतः निवडून तपासावीत अशी विनंती त्याच पत्रात करा.